रोडग्यांची पंगत

आमच्या भातकुलीकडे शेतात रोडग्यांचा बेत ठरला की सगळेच कामाला लागतात. कोणी गोवऱ्या आणतं, कोणी वांगी चिरतं. एकट्यानं करायचं हे जेवणच नव्हे.

गहू जाडसर दळून आणा. पिठात मीठ, ओवा, तेलाचं मोहन घालून घट्ट मळा. लहान पुरीला तेल लावून तिची गोळी करायची, ती दुसऱ्या पुरीत गुंडाळायची, मग तिसऱ्या. असे पदर पडले की आत गच्च गोळा राहत नाही.

खरी परीक्षा जगऱ्याची. गोवऱ्यांचा जाळ पूर्ण बसू द्या, लाल निखारे राहिले पाहिजेत. मागच्या वर्षी मी घाई केली अन् जाळातच रोडगे टाकले. वरून कोळसा, आतून कच्चं पीठ! चाळीस माणसं ताटं घेऊन बसलेली. कारण साधं आहे. पिठातून उष्णता हळूहळू आत जाते, जाळ मात्र वरचा भाग आधीच जाळून टाकतो. म्हणून रोडगे निखाऱ्यांवर फिरवून कडक करायचे, मग गरम राखेत दाबायचे. राख उष्णता धरून ठेवते.

नंतर फडक्यानं राख झटका, रोडगा फोडा, वर तुपाची धार. सोबत तुरीचं वरण अन् वांग्याची भाजी. आपल्याच जिल्ह्यातल्या बहिरमच्या यात्रेत मात्र हंडीतलं मटण असतं, ते खाल्लंच असेल तुम्ही!

माझे कच्चे रोडगे मैत्रिणींनी पुन्हा राखेत दाबले. पंगत तासभर उशिरा बसली, तोवर पोरांनी अर्धी भाजी नुसतीच संपवली होती.