नातवाला मिळाली, आजोबांची राहिली

रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन... रायगडच्या किनारपट्टीवर लसीकरणाच्या दिवशी तान्ही बाळं घेऊन आलेल्या आज्या हमखास दिसतात. सून कामात, मुलगा मुंबईला नाहीतर बोटीवर; मग बाळाला आणायचं काम आजीकडेच येतं. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयांत बाळाला न्यूमोकोकस जंतूविरुद्धची पीसीव्ही लस मोफत मिळते. हाच जंतू साठी ओलांडलेल्यांनाही न्यूमोनियाने अंथरुणाला खिळवतो. पण त्यांनी लस घेतली का, हे कुणी विचारत नाही.

मुंबईतल्या देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये वृद्धत्वाविषयी देशव्यापी पाहणी केली. पंचेचाळीस वर्षांवरच्या लोकांत न्यूमोनियाची लस घेतलेले निघाले अवघे ०.६ टक्के, म्हणजे हजारात सहा. फ्लूची लस घेतलेले होते दीड टक्का.

लोक लसीला घाबरतात, असं यावर चटकन म्हटलं जातं. पण १ मार्च २०२१ रोजी साठीपुढच्यांसाठी कोविडची लस खुली झाली, तेव्हा याच पिढीने केंद्रांवर रांगा लावल्या. तेव्हा लस मोफत होती, गावाजवळ होती आणि आशाताई घरी येऊन आठवण करत होत्या. न्यूमोनियाच्या लसीला यातलं काहीच लाभलेलं नाही. राष्ट्रीय कार्यक्रमात ती बाळांसाठी आहे. मोठ्यांना ती खासगीत, काही हजार रुपये मोजून घ्यावी लागते. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागले. पण हे संरक्षण रुग्णालयात दाखल झाल्यावरचं. न्यूमोनियाने आयसीयूत गेलेल्या आजोबांचा खर्च निघू शकतो. तो आजार टाळू पाहणाऱ्या लसीचा खर्च घरच्यांनीच करायचा.

पैशाइतकाच महत्त्वाचा असतो डॉक्टरांचा शब्द. मोठ्यांच्या लसीकरणावरच्या अभ्यासांत तो पुन्हापुन्हा ठळकपणे दिसतो. नेहमीच्या डॉक्टरांनी "ही लस घ्या" असं स्पष्ट सांगितलं, की बरेच जण घेतात. पण मधुमेहाच्या गोळ्या लिहून घ्यायला आलेल्या माणसाशी गर्दीच्या दवाखान्यात लसीचा विषय निघतच नाही. त्यात म्हातारपणीचा न्यूमोनिया फसवा. कधी ताप चढतच नाही. माणूस जेवत नाही, असंबद्ध बोलतो, तोल जाऊन पडतो. घरचे म्हणतात, वय झालं.

लसीकडून किती अपेक्षा ठेवावी? नेदरलँड्समध्ये ६५ वर्षांवरच्या सुमारे ८४ हजार लोकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. लसीत समाविष्ट असलेल्या जंतुप्रकारांमुळे होणारा न्यूमोनिया जवळपास ४६ टक्क्यांनी घटला, आणि त्याच प्रकारांचा रक्तापर्यंत पोहोचणारा गंभीर संसर्ग ७५ टक्क्यांनी. इतर जंतूंचा न्यूमोनिया ही लस रोखत नाही. तरीही मधुमेह, दमा, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांसाठी एवढं संरक्षण फार मोलाचं आहे.

लस स्वस्त करता येते, हे पुण्यानेच दाखवलंय. सीरम इन्स्टिट्यूटची 'न्यूमोसिल' डिसेंबर २०२० मध्ये आली. दहा जंतुप्रकारांवरची ही देशी लस बाळांसाठी तयार झाली. ब्रिटनमध्ये मात्र ६५ वर्षांवरच्यांनाही न्यूमोनियाची लस मोफत मिळते आणि तिथे सुमारे सत्तर टक्के ज्येष्ठांनी ती घेतलेली असते. आपल्याकडेही ज्येष्ठांची लस सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळायला हवी.

तोवर दिवाळीला गावी आलेल्या मुलांनी आईबाबांची औषधांची फाइल उघडावी आणि डॉक्टरांना विचारावं: न्यूमोनियाची लस घ्यावी का, कोणती, एकच पुरेल की काही काळाने दुसरी लागेल, आणि फ्लूची कधी घ्यायची? घेतलेल्या लसीचं नाव आणि तारीख फाइलच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावी, म्हणजे पुढे डॉक्टर बदलले तरी दुसरी लस द्यायची की नाही, ते त्यावरून ठरवता येईल.