चार पाऊणे तीन

शनिवार, सकाळचे साडेदहा. सुरूच्या बनातून दिवेआगरच्या पुळणीवर उतरतो, तर समोर समुद्र नाहीच. म्हणजे आहे, पण पार तिकडे, एक पांढरी रेघ होऊन बसलेला. मधे नुसती ओली, घट्ट, राखाडी वाळू. थंडीत इथे मुक्कामाला येणारे कुरव तिच्यावर शेकड्यांनी बसले आहेत, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. ऊन मात्र चोख आहे. जानेवारीतलं कोकणातलं ऊन, डोक्याला न लागणारं.

"एवढ्यासाठी पहाटे पाचला उठवलंत?" शेजारच्या घोळक्यातली एक मुलगी बापाला विचारते. घोळका कोथरूडचा. पौड, मुळशी, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा अशी दीडशेच्या वर किलोमीटरची वळणं घेत आलेला. त्यातल्या दोघांना घाटात गाडी लागलेली, त्यांची तोंडं अजून लिंबासारखी. बनाच्या कडेला लावलेल्या गाड्यांच्या पाट्या वाचत जातो. एमएच 12, एमएच 12, एमएच 14, पुन्हा 12. पुण्याला समुद्र नाही असं कोण म्हणतं? शनिवार-रविवारी तो दिवेआगरला असतो.

एक पांढरी गाडी मात्र बनाशी थांबलेली नाही. "वाहने समुद्रकिनाऱ्यावर नेऊ नयेत" या पाटीला वळसा घालून ती सरळ वाळूत उतरते, गोल-गोल चकरा मारते. कुरवांचा अख्खा थवा उठतो, लांब जाऊन पुन्हा बसतो. गाडी पाण्याच्या रेघेजवळ थांबते, डिकी उघडते, गाणी सुरू होतात. चार तरुण आणि त्यांतल्या एकाची आई. आई गाडीतून उतरते, पदर खोचते आणि शहाळेवाल्याला हाक मारते. बाकीच्यांना वडापाव, तिला शहाळं. आज संकष्टी आहे.

संकष्टी असल्यामुळे बाराच्या सुमारास गावातल्या सुवर्णगणेशाच्या देवळात रांग आहे. रांगेतल्या बऱ्याच जणांना गोष्ट अर्धी ठाऊक असते, आणि ती पूर्ण करायला पुढचा-मागचा कोणीतरी असतोच. 1997 साली इथल्या एका वाडीत खणताना तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला. गाव एकाएकी नकाशावर आलं, घरोघरी खानावळी निघाल्या. मार्च 2012 मध्ये दरोडा पडला, दोन रखवालदारांचा खून झाला, मुखवटा गेला. सोनं परत मिळालं ते वितळवलेलं. नोव्हेंबर 2021 मध्ये नवा मुखवटा बसला. माझ्यापुढचे काका हे सगळं सांगून झाल्यावर घड्याळ बघतात आणि म्हणतात, "चंद्रोदय पुण्याचा नऊ-चारचा आहे. इथे तीन-चार मिनिटं उशिरा धरायचा." रांगेतल्या पाच-सहा माना होकारार्थी हलतात.

जेवण वाडीत. नारळ-पोफळीच्या सावलीत सारवलेलं अंगण, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, घरातल्या काकूंचा कडक कारभार. मोदक आदल्या रात्री सांगितले असतील तरच मिळतील. मासे पलीकडच्या घरी. आज पंगतीचे सरळ दोन भाग पडले आहेत. एकीकडे वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, सोलकढी. दुसरीकडे साबुदाण्याची खिचडी, उकडलेली रताळी आणि भाकरीकडे जाणाऱ्या चोरट्या नजरा. काकू वाढता वाढता वाडीकडे हात करतात. मधे मधे मोकळं आकाश दिसतंय, तिथे पूर्वी दिसत नसे. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात पोफळी काड्यांसारख्या मोडल्या. श्रीवर्धनच्या बाजूचा रोठा म्हणजे नाव असलेली सुपारी. पुन्हा लावली तरी धरायला पाच-सहा वर्षं जाणारच. "मग तोवर तुम्हीच," त्या म्हणतात. तुम्हीच म्हणजे पुणेकर. हे कौतुक आहे की नाइलाज, ते त्यांच्या आवाजावरून कळत नाही.

पंगतीतले एक आजोबा मुलाकडे अमेरिकेला गेले असताना मेक्सिकोतल्या कान्कूनला जाऊन आलेले आहेत. साहजिकच तुलना सुरू होते. तिथली वाळू पिठासारखी पांढरी, पाणी निळं, खुर्चीवर आणून देतात. त्यांचं सगळं खरं आहे. पण कान्कून हे मेक्सिकोच्या सरकारने 1970 च्या सुमारास जवळजवळ निर्मनुष्य वाळूपट्टीवर आखून वसवलेलं शहर. पाहुण्यांसाठीच जन्माला आलेलं. दिवेआगर पाहुण्यांच्या आधी हजार वर्षं इथे आहे. शके 982 चा, म्हणजे इ.स. 1060 चा इथला ताम्रपट मराठीतल्या सर्वांत जुन्या ताम्रपटांत गणला जातो. आणखी एक फरक आजोबांच्या लक्षात आलेला आहे. "तिथे समुद्र जागचा हलत नाही हो," ते म्हणतात. बरोबर आहे. कॅरिबियन किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक जेमतेम वीत-दोन वितींचा. आपल्याकडे तो उधाणाला पुरुषभर उंचीच्या पुढे जातो, आणि पुळण सपाट असली की तेवढ्यासाठी पाणी कुठल्या कुठे येतं.

त्याचा पुरावा अंगणातच येऊन थडकतो. एक पोरगा धावत येतो. "काकू, ट्रॅक्टर कुणाचा मोकळा आहे? गाडी रुतली."

अर्धी पंगत हात धुऊन पुळणीवर. दोन वाजून गेले आहेत. सकाळची राखाडी वाळू नाहीशी झालेली, तिच्या जागी फेसाळ पाणी, आणि त्या पाण्यात पांढरी गाडी दारापर्यंत उभी. तिघे मागून ढकलतायत. प्रत्येक लाट येऊन चाकाखालची वाळू थोडी उपसून नेते, गाडी आणखी बसते. एकजण चालकाच्या जागी बसून जोरात रेस करतो. "ओ, रेस नका देऊ! आणखी खड्डा पाडताय," किनाऱ्यावरून तिघे-चौघे एकदमच ओरडतात. आई पिशव्या घेऊन कोरड्यात उभी. प्लॅस्टिकच्या डब्यात दूर्वा आहेत, तो डबा तिने छातीशी धरलाय.

ट्रॅक्टर येतो. चालवणारा पन्नाशीचा, अंगात बनियन, घाई अजिबात नाही. आधी पाणी बघतो, मग गाडी, मग दोर. दोराचं टोक खाली कुठे बांधायचं ते दाखवायला स्वतः गळाभर भिजतो. पहिल्या ओढीला दोर तुटतो. दुसऱ्याला गाडी हलते आणि पुन्हा बसते. तोवर बघ्यांची गर्दी जमलेली, निम्मे मोबाईल उभे. ड्रायव्हर सूचना देत नाही, पुणेकर देतात. तिसऱ्या ओढीला तिघे ढकलणारे आणि दोन गाववाले एकदम जोर लावतात, आणि गाडी सगळ्या दारांतून पाणी गाळत बाहेर येते. इंजिन बंद. ते आता माणगावच्या गॅरेजचं काम.

दोर गुंडाळता गुंडाळता ट्रॅक्टरवाला त्या मुलाला विचारतो, "आज तिथी काय?"

मुलगा आईकडे बघतो. आई चटकन म्हणते, "चतुर्थी. संकष्टी आहे ना."

"चार पाऊणे किती?"

मुलाला पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, ठाऊक असण्याचं कारण नाही. आईला आहे. "तीन."

"मग तीनला पूर्ण भरती. तुम्ही गाडी लावलीत तेव्हा पाणी फिरून दोन तास झाले होते."

तो पैसे मोजून घेतो आणि जातो. आम्ही उभे राहतो. रांगेतले काका माझ्या बाजूलाच आहेत, नऊ-चारवाले. ते बोटांवर काहीतरी मोजतायत: पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, अमावास्येला बाराच्या आसपास. रोज साधारण पाऊण तास पुढे. तिथी चंद्राची, पाणीही चंद्राचंच, यात नवीन ते काय! अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. हे इथल्या कोळ्यांना घड्याळ नसतानाही पाठ. आम्ही मात्र चंद्र मिनिटावर मोजतो तो फक्त उपास सोडण्यासाठी. दर महिन्याला चतुर्थी पाळणाऱ्या शहराला चतुर्थीची भरती ठाऊक नसावी, हे मला त्या रुतलेल्या गाडीपेक्षा जास्त लागतं.

पाच वाजता पाणी उतरत असतं. पोरांना आता लाटांत जायचंय, आणि नेमकी हीच वेळ वाईट. ओहोटी पाय ओढते. पाण्यातल्या राइडवाला शिटी वाजवून दोघांना गुडघ्याएवढ्या पाण्यात परत आणतो. मोठी माणसं त्याच्यावर चिडतात. तो ऐकून घेतो आणि पुन्हा शिटी वाजवतो.

रात्री नऊला अंगणात सगळे पूर्वेकडे तोंड करून उभे. माडांच्या मागून चंद्र वर यायला थोडा वेळ घेतो; नऊ-चार होऊन जातात, काका अस्वस्थ. मग आरती, मग मोदक, तूप सढळ. पांढऱ्या गाडीतली आई इथेच उतरली आहे; गाडी नसल्यामुळे मुक्काम वाढलाय. मोदक खाता खाता ती आपल्या मुलाला पाऊणकी म्हणायला लावते. एक पाऊणे पाऊण, दोन पाऊणे दीड. तो तीनवर अडकतो, सगळे हसतात, काकू आणखी एक मोदक वाढतात.

तुम्हीही येणार असाल तर खुशाल या. वाड्यांना तुमची गरज आहे आणि मोदकांची चव खरोखरच तशी आहे. फक्त खोली ठरवण्याआधी भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघा, तिची पाऊणपट करा, त्या वेळेनंतर ओहोटी लागली की पोरांना पाण्याबाहेर काढा, आणि गाडी बनाच्या अलीकडेच ठेवा.