बालवाडीतील ऋतूत्सव

तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी ऋतुमान, शेतीची कामे आणि सणवार यांच्या निमित्ताने वर्षभर योजल्या जाणाऱ्या खेळ, हस्तकृती, गाणी, गोष्टी व निरीक्षणे यांना बालवाडीतील ऋतूत्सव असे म्हणता येते. आषाढीची दिंडी, पोळ्याचे मातीचे बैल, हादगा, दिवाळीचा किल्ला, संक्रांतीचे बोरन्हाण आणि रंगपंचमी ही त्यांची महाराष्ट्रातील परिचित रूपे होत. वरवर पाहता ही निव्वळ करमणूक वाटते. परंतु या वयाच्या मुलाला काळ ही कल्पना घड्याळातून किंवा दिनदर्शिकेतून कळत नाही. 'काल', 'उद्या', 'परवा' हे शब्द त्याच्या बोलण्यात सरमिसळ होऊन येतात. पाऊस, थंडी, बोरे, पतंग, आंबे यांच्या येण्याजाण्यातूनच त्याच्या मनातील वर्षाला आकार येतो. म्हणूनच पूर्वप्राथमिक शिक्षणात ऋतूत्सवांना अभ्यासक्रमाबाहेरची हौस न मानता अभ्यासक्रमाचाच भाग मानले जाते.

पूर्वपीठिका

बालकांसाठी स्वतंत्र शाळा ही कल्पना युरोपात एकोणिसाव्या शतकात रुजली. फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी जर्मनीत १८३७ मध्ये बालकांसाठी संस्था सुरू केली व १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन', म्हणजे बालकांची बाग, हे नाव दिले. तिथे मुले खरोखरच वाफ्यांची निगा राखत. मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह रोममध्ये १९०७ साली निघाले. भारतात शांतिनिकेतनात रवींद्रनाथ ठाकूरांनी वसंतोत्सव, वर्षामंगल, हलकर्षण यांसारख्या उत्सवांना शिक्षणात स्थान दिले. मात्र ते प्रामुख्याने मोठ्या विद्यार्थ्यांचे होते.

मराठी बालवाडीचा धागा भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिराशी जुळतो. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये ते सुरू केले. ताराबाई मोडक तेथे त्यांच्या सहकारी झाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. ताराबाईंनी पुढे १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ तिथे त्यांच्या सोबत आल्या. त्यापूर्वी त्यांनी नाशिक जिल्ह्यातील चांदवड भागात आणि नंतर पुण्यात शिक्षिकेचे काम केले होते. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले.

माँटेसरींची साधने लाकडी, मापाने घडवलेली आणि महाग होती. खेड्यातील शाळेला ती परवडणारी नव्हती. बोर्डी-कोसबाडला त्यांच्या जागी शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, फुले आणि माती आली. हा बदल केवळ काटकसरीचा नव्हता. लाकडी ठोकळा बारा महिने सारखाच राहतो. बिया, पाने व फुले मात्र हंगामानुसार बदलतात. त्यामुळे साधनपेटीच ऋतूबरोबर चालू लागली. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर शाळाच आदिवासी पाड्यांच्या अंगणात नेण्यात आली आणि त्यातून 'अंगणवाडी' हा शब्द रूढ झाला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने तो देशभर नेला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ हा वयोगट पायाभूत स्तर मानला आणि त्यात खेळातून व कृतीतून शिक्षणावर भर दिला.

नाशिक जिल्ह्यातील ऋतू

ऋतूत्सव सगळीकडे एकाच पुस्तकातून करता येत नाहीत, हे नाशिक जिल्ह्याइतके स्पष्टपणे क्वचितच कुठे दिसेल. सह्याद्रीच्या माथ्यावरील इगतपुरीला वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडील येवला, नांदगाव, सिन्नर या भागांत तो पाच-सहाशे मिलिमीटरच्या आसपास असतो. जुलैमध्ये त्र्यंबकेश्वर-पेठ भागातील मूल भाताची आवणी पाहत असते, तर येवल्याकडचे मूल कदाचित आभाळाकडे डोळे लावलेल्या घरात वाढत असते. 'येरे येरे' म्हणत पावसाला बोलावणे एकाला खेळ वाटतो, दुसऱ्याच्या घरची ती खरी विनवणी असते. निफाड परिसरात हिवाळ्यात काही वर्षी पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो. तिथे शेकोटी हा पाठ शिकवावा लागत नाही.

पिकांची नावेही बदलतात. चित्रपुस्तकात 'नाचणी' छापलेली असते. पेठ-सुरगाण्याच्या मुलाच्या घरात ती 'नागली' असते. कोकणा, वारली किंवा अहिराणी बोलणाऱ्या घरातून आलेल्या मुलाला प्रमाण मराठीतील चित्रतक्ता हा अर्धा परका असतो. पण नागलीचे कणीस प्रत्यक्ष हातात दिले, की तेच मूल वर्गाला त्याचे नाव सांगते आणि छापील शब्द त्याशेजारी सहज बसतो. घरची भाषा वर्गात आणण्याचा याहून सोपा मार्ग सापडणे कठीण.

वर्षचक्र

नाशिक भागातील शाळांचे वर्ष जूनच्या मध्यास, म्हणजे पावसाबरोबर सुरू होते. नवी मुले या काळात रडत असतात. त्यांना पाण्याशी खेळू देणे, कागदी होड्या सोडणे, पागोळ्यांखाली हात धरणे, यांचा पहिला उपयोग ती रमावीत हाच आहे. शिकणे मागाहून येते. सरळ बाजूंची बाटली उघड्यावर ठेवून रोज पाण्याच्या उंचीएवढी कागदाची पट्टी कापून भिंतीवर लावली, तर अंक न येणाऱ्या मुलालाही कोणत्या दिवशी जास्त पाऊस झाला हे दिसते. मोजमापाचा हा पहिला धडा आहे.

आषाढीला दिंडी निघते. संत निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरला असून तेथून त्यांची पालखी पंढरपूरला जाते, त्यामुळे अनेक नाशिककर मुलांनी खरी दिंडी पाहिलेली असते. लहान गटाला टाळ हातात मिळाला की तालाचे भान येऊ लागते; रांगेत पुढच्याच्या पायावर पाय न देता चालणे हेही या वयात मोठेच कौशल्य आहे.

श्रावण अमावास्येचा पोळा बालवाडीच्या दृष्टीने विशेष मोलाचा. चिखल मळणे, गोळे करणे, वळ्या करणे यांत बोटांचे स्नायू बळकट होतात आणि पुढे पेन्सिल धरण्यास त्याचाच उपयोग होतो. मुलाने केलेला पहिला बैल बहुधा उभा राहत नाही, कारण पाय बारीक आणि धड जड असते. दुसऱ्या वेळी ते पाय जाड करते. कोणी काही सांगितलेले नसताना वजन आणि आधार यांचा संबंध त्याने शोधलेला असतो. निफाड-येवल्याकडची काळी माती वाळताना तडकते. तिच्यात थोडा कापूस किंवा भुसा मळला की तडे कमी पडतात, हेही मुलांना करूनच कळते. साच्यातून काढलेले प्लॅस्टरचे बैल रंगवायला दिल्यास यातील काहीच घडत नाही.

आश्विनात घटस्थापना आणि भोंडला वा हादगा येतो. घटाप्रमाणे नारळाच्या करवंटीत गहू किंवा मेथी पेरून काही करवंट्या उजेडात आणि काही अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतात. अंधारातील कोंब पिवळे आणि लांबट निघतात. याचे कारण मुलांना सांगण्याची घाई करू नये. आधी त्यांचे तर्क ऐकावेत. भोंडल्यात पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरतात. हस्त नक्षत्राशी जोडलेल्या या खेळाचा बालवाडीतील सर्वांत उपयुक्त भाग म्हणजे खिरापत ओळखणे. झाकलेला डबा हलवून आवाज ऐकणे, वास घेणे, 'गोड आहे का?', 'कुरकुरीत आहे का?' असे प्रश्न विचारून एकेक शक्यता गाळत जाणे, हा तर्काचा उत्तम सराव आहे आणि तो पिढ्यान्‌पिढ्या परकरी मुलींनी शाळेशिवायच केला आहे.

दिवाळीनंतर थंडी वाढते. ऊनसावलीचे खेळ, पानगळीतील पानांचे आकारानुसार गट, पिंपळाचे पान पाण्यात कुजवून उरणारी जाळी, असे उपक्रम या काळातले. मकरसंक्रांतीला लहान मुलांवर बोरे, उसाचे करवे, चुरमुरे, हलवा यांचा वर्षाव करून बोरन्हाण घालतात. घरी ते एका बाळाचे असते, वर्गात सर्वांचे होते. मग पडलेली बोरे वेचणे, मोजणे आणि प्रत्येकाला एक येते का हे पाहणे, यातून एकास एक संगती पक्की होते. तिळगूळ करताना तीळ भाजण्याचे काम ताईंनी करायचे असते, पण तडतडण्याचा आवाज आणि पालटत जाणारा वास मुलांनी अनुभवायचा असतो. येवल्यात संक्रांतीचा पतंगोत्सव भोगी, संक्रांत आणि कर असा तीन दिवस चालतो. तेथील 'आसारी', म्हणजे मांजा गुंडाळण्याची बांबूची फिरकी, मुलांच्या ओळखीची असते. बालवाडीत मात्र मांजा आणू नये. साध्या दोऱ्याचा कागदी पतंग हातात धरून पळण्यानेही वारा कळतो. नायलॉन मांजाने पक्षी जखमी होतात ही गोष्ट मुलांना सांगता येते आणि ती त्यांना समजतेही.

फाल्गुनात पळस फुलतो. त्याची फुले भिजवून किंवा उकळून केशरी रंग मिळतो, बीट किसून गुलाबी. हळदीच्या पाण्यात खाण्याचा सोडा टाकला की ते तांबूस होते. हा प्रयोग मुले पुन:पुन्हा करायला लावतात. जुन्या नाशकात रंगपंचमीला पेशवेकालीन रहाडी उघडल्या जातात. दगडी बांधणीचे हे हौद रंगीत पाण्याने भरून त्यांत उड्या मारण्याची प्रथा आहे आणि एरवी वर्षभर ते झाकलेले असतात. लहान मुलांना तिथे नेणे योग्य नाही, परंतु वर्गातील घंगाळाला 'आपली रहाड' म्हटले की गावाची ओळख खेळात उतरते. ग्रीष्म बहुतेक शाळांच्या वाट्याला फारसा येत नाही; एप्रिलमधील आंब्याचा दिवस झाला की सुटी लागते.

प्रदर्शन आणि शिक्षण

ऋतूत्सवांवरचा मुख्य आक्षेप असा, की ते मुलांचे न राहता पाहणाऱ्यांचे होतात. भाड्याचा फेटा आणि जड पोशाख घातलेले तीन वर्षांचे मूल छायाचित्रासाठी ताटकळत उभे असते. ताईंनी रात्री जागून केलेले कागदी कंदील सकाळी मुलांच्या हाती दिले जातात. पालकांच्या गटावर छायाचित्रे पोहोचली की उपक्रम संपतो. हा आक्षेप रास्त आहे. उपक्रमाचे मोल ठरवण्यासाठी त्यातील वस्तू कोणी केली आणि मुलाला ती बिघडवण्याची मुभा होती का, हे दोन प्रश्न पुरेसे असतात. वाकडा कंदील भिंतीवर लावायला धैर्य लागते, विशेषतः शेजारच्या शाळेचे कंदील सरळ असताना.

खर्चाचाही प्रश्न आहे. 'लाल दिवस', 'पिवळा दिवस' असे रंगांचे दिवस अनेक शिशुवर्गांत होतात. त्या रंगाचा कपडा घरी नसलेले मूल त्या दिवशी गैरहजर राहते किंवा खाली मान घालून बसते. घरातून त्या रंगाची कोणतीही वस्तू आणावी, टोमॅटो किंवा जास्वंदीचे फूलही चालेल, एवढ्या बदलाने रंगओळख तीच राहते आणि कोणी बाजूला पडत नाही.

सण बहुतेक एका धर्माचे असल्याने इतर घरांतील मुलांचे काय, हाही मुद्दा महत्त्वाचा ठरतो. मालेगावात मुस्लिम वस्ती मोठी आहे; नाशिक शहरात शरणपूर ही जुनी ख्रिस्ती वसाहत आहे. पूजाविधीऐवजी बी, पाऊस, थंडी, रंग, खाद्यपदार्थ हा गाभा धरला तर सर्वांना वाट मिळते. शीरखुर्मा आणि नाताळचा केक त्यात सहज सामावतात. ईद मात्र ऋतूशी बांधलेली नाही. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने ती सर्व ऋतूंतून फिरते, तर मराठी महिने अधिक मासामुळे ऋतूंना धरून राहतात. म्हणून ईदचा दिवस ऋतुचक्रात बसवण्यापेक्षा चंद्र पाहण्याच्या निमित्ताने साजरा करणे अधिक सयुक्तिक.

स्थलांतरित मुले

जिल्ह्याच्या पश्चिमेकडील सर्वांत गंभीर अडचण वेगळीच आहे. भात-नागलीची कापणी झाली की पेठ, सुरगाणा भागातील अनेक कुटुंबे निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत मजुरीस उतरतात. द्राक्षांची फळछाटणी साधारण ऑक्टोबरच्या सुमारास आणि काढणी जानेवारीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालते. म्हणजे संक्रांत आणि होळी हे वर्गातील दोन मोठे उत्सव होतात तेव्हा काही मुले गावात नसतात. बागेजवळच्या अंगणवाडीत त्यांची नोंद नसते आणि वर्गातील भाषाही निराळी असते. अशा मुलांना सामावून घेताना त्यांच्याच ऋतूपासून सुरुवात करणे सोयीचे जाते: द्राक्षाचे पान, तोडलेल्या वेलीची काडी, घडातील लहानमोठे मणी. छाटलेल्या काड्यांचे ढीग बांधावर पडलेलेच असतात. त्यांची लांबीनुसार मांडणी करायला कोणतीही भाषा लागत नाही आणि त्या काडीविषयी वर्गातील इतरांपेक्षा त्या मुलांनाच अधिक ठाऊक असते.