इतिहासाशीं केलेली थट्टा

इतिहास म्हटला कीं सनावळ्या, आणि सनावळ्या म्हटल्या कीं जांभई, अशी पुष्कळ विद्यार्थ्यांची समजूत असते. ह्याच रुक्ष मानिलेल्या विषयावर इंग्लंडांत १९८३ पासून १९८९ पर्यंत 'ब्लॅकॲडर' ही विनोदी मालिका दूरचित्रवाणीवर चार भागांत झाली. प्रत्येक भागाचा काळ निराळा. ब्लॅकॲडर घराण्याचा वारस व त्याचा मळकट चाकर बॉल्ड्रिक ही जोडी मात्र ठरलेली.

तिच्यापासूनच 'ब्लॅकॲडर बॅक अँड फोर्थ' हा सुमारें अर्ध्या तासाचा बोलपट निघाला. लंडनमधील मिलेनियम डोम येथें तो २००० सालीं दाखविण्यांत येत असे. प्रमुख नट रोवन ॲटकिन्सन.

१९९९ च्या शेवटच्या रात्रीं ब्लॅकॲडर पाहुण्यांस ठकविण्यासाठीं कालयंत्राचें सोंग रचतो, व गतकाळांतील वस्तू आणून दाखविण्याची पैज लावतो. यंत्र बॉल्ड्रिकनें बांधिलेलें; अर्थात् तें चालणार नाहीं ही धन्याची खात्री. पण तें चालतें! परतावें कसें? तबकड्यांवर आंकडे घालावयाचे बॉल्ड्रिक विसरला आहे. मग भटकंती सुरू होते. शेक्सपियर भेटतांच ब्लॅकॲडर 'मॅक्बेथ'वर त्याची सही घेतो आणि पुढील चारशें वर्षांतील शाळकरी मुलांच्या वतीनें त्यास ठोसा लगावतो. (आमच्या इंग्रजीच्या वर्गांत ह्या प्रसंगास टाळ्या पडतील!) वॉटर्लूच्या रणांगणावर तर यंत्र थेट वेलिंग्टनच्या अंगावर उतरतें. घरीं येऊन पाहतात तों इंग्लंडवर फ्रेंचांचा अंमल!

वाचकहो, १८१५ सालीं वॉटर्लूस काय झालें हें ज्यास ठाऊक नाहीं, त्याला येथें हंसूं कसें येणार? आणि ज्यास ठाऊक आहे तो हंसतां हंसतां शंकाही काढील. वेलिंग्टन पडता तरी ब्ल्यूखरची प्रशियन सेना येतच होती. समुद्रावर इंग्रजी आरमारही प्रबळ होतें. मग एका सेनापतीच्या मृत्यूनें देश गेला असता काय?

पालकांस अशा थट्टेची भीति वाटते, ती अगदींच निराधार नव्हे. २०१४ सालीं ब्रिटनचे तत्कालीन शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांनीं ह्या मालिकेमुळें पहिल्या महायुद्धाचें विपरीत चित्र मनांत ठसतें असा आक्षेप घेतला; बॉल्ड्रिकचें काम करणारे टोनी रॉबिन्सन यांनीं त्यास जाहीर उत्तर दिलें. माझ्या मतें पुस्तक आधीं वाचलेल्या मुलाला बोलपटापासून धोका नाहीं.

शेवटीं ब्लॅकॲडर बिघडलेला इतिहास दुरुस्त करतो खरा, पण लगेच तो स्वतःच्या सोयीनें फिरवून राजा होतो, बॉल्ड्रिकला मुख्य प्रधान करतो. जुना इतिहास प्रजेच्या स्मरणांतच नाहीं. तक्रार कोण करणार?