पांढरा, मिक्स आणि चहाचे कप

ब्लॅक बुक, म्हणजे विद्यार्थ्याचा बांधीव प्रकल्प-अहवाल, सोलायला कचरा निवडणाऱ्या मावशींना अर्धं मिनिटही लागत नाही. काळं रेक्झिनचं कव्हर, त्यावर सोनेरी अक्षरांत विद्यार्थ्याचं नाव, खाली मार्गदर्शकांचं. मावशी ते उताणं उघडतात, दोन्ही पुठ्ठे मागे दुमडून पायाखाली दाबतात आणि आतला गठ्ठा एका हिसक्यात उपटून काढतात. कागद ‘पांढऱ्या’च्या गोणीत जातो. पुठ्ठा वेगळा पडतो, कारण रेक्झिन चिकटलेल्या पुठ्ठ्याला पुठ्ठ्याचा भाव मिळत नाही. स्पायरल बाइंडिंगची तऱ्हा निराळी. टोकाचा दुमडलेला वळसा दाताने नाही तर पकडीने तोडायचा आणि उरलेली स्प्रिंग फिरवत फिरवत बाहेर काढायची. वर-खालचे पारदर्शक प्लास्टिक कागद ‘कडक’च्या ढिगात.

पुण्यातल्या एका मोठ्या शैक्षणिक आवाराच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीपलीकडे, ही पत्र्याची शेड आहे. मे महिन्यात वसतिगृहं रिकामी होतात तेव्हा इथे पाय ठेवायला जागा नसते. गाद्या, बादल्या, तुटलेले टेबललॅम्प, एकेक चप्पल, स्पर्धा परीक्षांच्या नोट्सचे ढीग. चालू स्थितीतल्या इस्त्र्यासुद्धा येतात. गावी जाणाऱ्या पोराला एसटीत सामान नको असतं आणि खोली संध्याकाळपर्यंत रिकामी करून द्यायची असते. जूनमध्ये नवी मुलं येतात आणि बाहेरच्या दुकानातून तशीच बादली विकत घेतात. एक कुलूपबंद खोली आणि एक वही एवढ्यावर हा प्रश्न सुटला असता, पण ती खोली कुणाच्या खात्यात येते हे ठरत नाही.

एरवीच्या दिवसांत शेडमधला माल ठरलेला असतो. पाण्याच्या बाटल्या चपट्या करून गोणीत भरायच्या. त्यांची झाकणं वेगळ्या प्लास्टिकची असतात. पुढे कारखान्यात बाटल्यांचे तुकडे पाण्यात टाकले, की बाटलीचं प्लास्टिक तळाशी बसतं आणि झाकणाचं वर तरंगतं, त्यामुळे मावशी झाकणावर वेळ घालवत नाहीत. दुधाच्या पिशव्यांना गिऱ्हाईक आहे. वेफरच्या पाकिटांना मात्र नाही. प्लास्टिक आणि चकचकीत धातूचा थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात, की ते सुटे करणं कुणाला परवडत नाही. फार तर सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातील.

आणि कागदी कप. प्लास्टिकबंदीनंतर कॅन्टीनने प्लास्टिकचे कप बंद केले, म्हणून सगळ्यांना बरं वाटतं. पण कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. नसता तर चहा बोटांवर आला असता. रद्दीवाला त्याला कागद म्हणत नाही, प्लास्टिकवाला प्लास्टिक म्हणत नाही. वर त्यात तळाशी उरलेला घोटभर गोड चहा. तो शेजारच्या चांगल्या कागदावर सांडतो आणि ‘पांढरा’ क्षणात ‘मिक्स’ होतो, किंवा थेट फेकायच्या लायकीचा. आवारातल्या कचऱ्याबद्दल मला सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल, तर या कपाचा. काचेचा ग्लास विसळायला एक माणूस लागतो, म्हणून तो गेला. त्या माणसाचा पगार वाचला आणि काम शेडमध्ये येऊन पडलं.

कॉरिडॉरमधल्या निळ्या-हिरव्या डब्यांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. जोडीने ठेवले तर थोडंफार वर्गीकरण होतं, एकटा डबा दिसला की त्यात सगळं जातं. पोस्टरने यात फारसा फरक पडलेला मी पाहिलेला नाही.

ओल्या कचऱ्याची गोष्ट जास्त रंगतदार आहे. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार रोज सरासरी १०० किलोंहून अधिक कचरा करणारी संस्था मोठी कचरा-उत्पादक ठरली आणि ओला कचरा शक्य तितका आपल्याच आवारात जिरवणं तिच्याकडून अपेक्षित होतं. हजार मुलांनी ताटात शंभर-शंभर ग्रॅम टाकलं तरी तेवढ्यावरच शंभर किलो भरतात. मेसमागच्या कंपोस्टच्या खड्ड्यांवर काम करणारे काका हा हिशेब वेगळ्या तऱ्हेने सांगतात: “पनीर असलं की पिंप अर्धं, दुधी असला की दोन पिंपं.”

खड्ड्यात अन्न आणि पाचोळा थराथराने जातो. उरलेलं अन्न ओलं, जड आणि नत्राने भरलेलं. पाचोळा कोरडा आणि कर्बाने भरलेला. नत्राच्या साधारण तीसपट कर्ब असला, की जिवाणूंचं जमतं. पाचोळा कमी पडला तर हवा कोंडते आणि वास सुटतो. काका काटा वापरत नाहीत. मूठभर माल उचलून दाबतात. बोटांतून पाण्याची धार आली तर आणखी पाचोळा, एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक, काहीच आलं नाही तर पाण्याचा शिपका. मग लोखंडी सळई आत खुपसून ठेवतात आणि थोड्या वेळाने काढून हात लावतात. चटका बसला म्हणजे खड्डा कामाला लागलेला आहे.

अडचण वेगळीच आहे. इथले बरेचसे वृक्ष पानं गाळतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर, आणि मेस चालते जवळपास वर्षभर. तेव्हा फेब्रुवारी-मार्चचा पाचोळा पोत्यांत भरून छपराखाली ठेवला नाही, तर पावसाळ्यात खड्डे सडतात. पूर्वी सकाळी झाडलोट झाली, की कोपऱ्यात पाचोळा पेटवून द्यायची रीत होती. आता पोती कमी पडली की काका सिमेंटच्या रिकाम्या गोण्या बांधकामावरून मागून आणतात.

विद्यापीठ आणि कचरा यांचं पुण्यात एक जुनं नातं आहे, ते विद्यापीठांनाच फारसं आठवत नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागात काम करणाऱ्या लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने कचरा वेचणाऱ्या बायका-मुलांबरोबर हिंडू लागल्या. त्यातून लक्षात आलं ते असं, की घरातूनच सुका माल वेगळा मिळाला, तर बाईची कचराकुंडीतली उकराउकरी वाचते आणि त्याच मालाला भावही चांगला येतो. १९९३मध्ये बाबा आढावांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि २००८मध्ये ‘स्वच्छ’ या वेचकांच्या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करायला सुरुवात केली. वेचकाचा त्या मालावर हक्क आहे, हा या सगळ्याचा कणा होता.

इथल्या शेडमध्ये तो हक्क अर्धाच पोचला आहे. वसतिगृहातला कागद मावशींकडे येतो. पण कार्यालयांची आणि ग्रंथालयाची रद्दी, म्हणजे कोरडा, स्वच्छ, एकगठ्ठा माल, भांडार विभाग निविदा काढून बाहेरच्या ठेकेदाराला विकतो. ठेकेदार टेम्पो घेऊन येतो, वजन करतो, निघून जातो. वेफरची पाकिटं आणि कप त्याच्या निविदेत नसतात. ते मावशींच्या वाट्याला येतात, आणि ते निवडण्याचे पैसे कुणी देत नाही.

पर्यावरण दिनाच्या कार्यक्रमाची तयारी करणारी दोन मुलं शेडमध्ये आली होती. आवार ‘शून्य कचरा’ करायचं तर काय करावं, असं त्यांनी विचारलं. मावशींनी हातातली स्प्रिंग पूर्ण बाहेर काढली आणि म्हणाल्या, “बाळा, हापिसातला पांढरा आमच्याकडं येऊ दे. मग कप आम्ही फुकट उचलतो.” मुलांनी ते लिहून घेतलं. ही मागणी भांडार विभागाकडे न्यायची, की कुलसचिवांकडे, यावर दोघांचा तिथेच वाद सुरू झाला.