थंडीतला बीफचा स्टू, आपल्या दातांना झेपेल असा



हनुक्का आटोपला की आमच्या दिमोनात खरी थंडी सुरू होते. दिवसा ऊन असते, पण सूर्य मावळला की फरशी बर्फासारखी गार पडते. इथली घरे उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली, त्यामुळे घरात बाहेरपेक्षा जास्त थंडी वाजते. अशा दिवसांत आपल्या वयाची माणसे दोन गोष्टी करतात. चालणे कमी करतात, आणि जेवण चहापावावर आणतात. सकाळी चहा-खारी, दुपारी चार घास भात, रात्री पुन्हा चहा आणि टोस्ट. "भूकच लागत नाही", "एकटीसाठी कोण शिजवत बसणार?" हे मी रोज ऐकते. नोकरी सोडून बरीच वर्षे झाली, तरी शेजारीपाजारी ब्लडप्रेशर मोजायला माझ्याकडेच येतात. पट्टा बांधताना मला त्यांचा दंड दिसतो. सुक्कोथच्या वेळी होता त्यापेक्षा तो जानेवारीत बारीक झालेला असतो.

हा बारीक होणारा दंड म्हणजे नुसती चरबी उतरणे नव्हे. वय वाढले की स्नायू आपोआप कमी होत जातात, आणि खाणे व हालचाल घटली की ते फार लवकर जातात. मांडीचे स्नायू गेले की खुर्चीतून उठता येत नाही, रात्री लघवीला जाताना तोल जातो, आणि पुढे खुब्याचे हाड मोडते. वॉर्डात अशा आज्या मी खूप पाहिल्या. बऱ्याच जणींच्या कहाणीच्या सुरुवातीला चहा आणि टोस्ट असायचे.

म्हणून या वेळी बीफच्या स्टूबद्दल लिहिते. कोकणात आपल्या घरी बीफ सहसा नसायचे. हिंदू शेजाऱ्यांचा मान राखायचा म्हणून आपली माणसे मटण, कोंबडी आणि मासळीवर भागवीत. इथे आल्यावर मटणाचे भाव बघून आपण बीफकडे वळलो, आणि मोरोक्कोच्या शेजारणींकडून हमीन शिकलो. पण बऱ्याच घरांत अजून बीफ म्हणजे चिवट, जड, तरुणांचे खाणे असा समज आहे.

आमच्या इमारतीत एक गृहस्थ आहेत, वय ८२. पत्नी गेल्यावर ते चहा, पाव आणि कॉटेज चीज यांवरच राहू लागले. मी विचारले तर म्हणाले, "सिस्टर, या वयात मांस पचत नाही." मी म्हटले, "भाऊ, पचत नाही की चावत नाही?" ते हसले आणि कवळी काढून हातात धरली. वजन उतरल्याने कवळी सैल झाली होती, ती हिरड्यांना घासायची, म्हणून मांस बंद, आणि मांस बंद म्हणून वजन आणखी खाली. पोटाची काही तक्रार नव्हतीच. दंतवैद्याकडून कवळी बसवून घेतली आणि आठवड्यातून दोनदा मऊ शिजवलेला स्टू सुरू केला. त्याबरोबर रोज खुर्चीतून दहा वेळा उठण्या-बसण्याचा व्यायाम. पेसाहपर्यंत वजन दोन किलो वाढले, आणि आता ते सिनेगॉगच्या पायऱ्या कठडा न धरता चढतात. मी मात्र त्यांना सांगते, कठडा धरा!

हिशेब साधा आहे. आपल्या वयाच्या माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलोच्या बाईला ६० ते ७२ ग्रॅम. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा वेगळा, तो डॉक्टरांकडूनच घ्यावा.) शिजलेल्या ८० ग्रॅम बीफमधून साधारण २२ ग्रॅम मिळतात, शिवाय लोह आणि बी-१२. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांचे बी-१२ कमी होऊ शकते, त्यांनी हे लक्षात ठेवावे. पण रोज उठून बीफ खा असे मी म्हणत नाही. लाल मांस जास्त खाल्ल्याने आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आठवड्याला शिजलेले ३५० ते ५०० ग्रॅम ही वरची मर्यादा धरतात. दोन वेळचा स्टू त्याच्या पुष्कळ आत राहतो. बाकीचे दिवस मासळी, कोंबडी, अंडी आणि डाळ आहेतच.

आता मांस कोणते घ्यावे? इथे कसाई नंबराने मांस विकतो, ही मोठी सोय आहे. स्टूसाठी मिस्पार ८, म्हणजे श्रीर, सर्वांत चांगले. नाहीतर मिस्पार ५, खांद्याचे, किंवा मिस्पार १०, मानेचे. ज्या भागाने जनावर सतत काम करते तो भाग कच्चा असताना चिवट असतो, कारण त्यात पांढऱ्या शिरा आणि पडदे असतात. मंद आचेवर दोन-अडीच तासांत ते पडदे विरघळून रस्सा दाट होतो आणि मांस चमच्याने तुटते. मिस्पार १ आणि १२ हे महाग तुकडे स्टूत घालू नका. त्यांत हे पडदे नसतात, त्यामुळे ते शिजून भुशासारखे कोरडे होतात. गोठवलेले मांस स्वस्त पडते आणि स्टूला चांगले चालते. ते ओट्यावर ठेवून वितळवू नये. आदल्या दिवशी ताटात ठेवून फ्रिजच्या खालच्या खणात ठेवावे.

सहा वाढपांसाठी पाऊण किलो मांस घ्या. तुकडे सुपारीएवढे करा, मोठे नकोत, आणि धाग्यांच्या आडवे कापा. घरी मेतापेलेत असेल तर तिला एकदा दाखवून द्या, कारण उभे कापलेले मांस कितीही शिजवा, तोंडात दोऱ्यासारखे येते. दोन चमचे तेलात तुकडे थोडे थोडे घालून लालसर परतून काढा. सगळे एकदम टाकले तर पाणी सुटते आणि रंग येत नाही. त्याच तेलात दोन कांदे, सहा लसूण पाकळ्या, बोटभर आले, मग दोन टोमॅटो. एक तमालपत्र, दालचिनीचा तुकडा, आठ-दहा काळी मिरी फडक्यात बांधून, आणि अर्धा चमचा हळद. मांस परत घालून सहा कप गरम पाणी ओता. उकळी आली की आच अगदी लहान करा. खळखळा उकळू देऊ नका, अधूनमधून एखादा बुडबुडा यावा एवढेच. दीड तासाने दोन गाजरे, सेलरीचा देठ, दोन बटाटे आणि मूठभर भिजवलेले जव घाला, आणि आणखी तासभर ठेवा. मधुमेह असेल तर बटाटा एकच घालून जव वाढवा. कुकरमध्ये करायचे तर मांस आधी मंद आचेवर ३५ ते ४० मिनिटे, कुकर आपोआप थंड होऊ द्या, मग भाज्या वेगळ्या शिजवून घाला.

परदेशी पाककृतींत लोणी आणि मैदा सांगतात. लोणी आपल्याला मांसात चालतच नाही, आणि मैद्याची गरज नाही. शिजलेला एक बटाटा रश्श्यातच चेचला की तो दाट होतो. काही घरांत नारळाचे दूध घालतात, चव छान येते, पण हृदयरोग असेल तर ते सणासाठी ठेवा.

पाककृतीत मीठ अजून आलेले नाही, ते मुद्दामच मागे ठेवले. कोशर मांस मीठ लावून, मग धुऊन आपल्यापर्यंत येते, आणि धुतले तरी थोडे मीठ आत राहतेच. म्हणून मांस वाडग्यात पाणी घालून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावे आणि ते पाणी फेकावे. नळाखाली धरून धुवू नये, शिंतोडे ओटाभर उडतात. मग मीठ न घालता शिजवावे आणि शेवटी चव घेऊनच ठरवावे. दिवसभरात सगळे मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट चहाचा एक चमचा, एवढीच आपली मर्यादा.

आणि ती अवकात माराक! सुपाची ती पिवळी पूड म्हणजे बहुतेक मीठच. २०२० पासून इथे जास्त मिठाच्या पाकिटावर लाल गोल खूण असते, ती बघा. नसेल तर 'नत्रान' या शब्दापुढचा आकडा बघा. त्याला अडीचने गुणले की मीठ कळते. माझ्या ओळखीच्या एका बाई हृदयाच्या कमजोरीसाठी लघवीची गोळी घेत. थंडीत त्यांचे पाय सुजले, रात्री आडवे पडले की धाप लागू लागली. मेतापेलेत रोजच्या सुपात त्या पुडीचे दोन चमचे घालत होती. चवीला छान लागायचे, कुणाला संशय आला नाही. तुमचे वजन दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते मांसाने वाढलेले नसते, पाण्याने वाढलेले असते. त्याच दिवशी कुपात खोलिमला फोन करा. मिठाऐवजी लिंबू, काळी मिरी, आले वापरा. 'कमी सोडियमचे मीठ' डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असते, आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना किंवा ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते धोक्याचे ठरते. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी बटाटा सोलून, कापून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकावे आणि मग स्टूत घालावा. कुमादिन घेणाऱ्यांनी वरून पार्सलीचा ढीग घालू नये. रोज चिमूटभर घालत असाल तर तेवढीच ठेवा, कमीजास्त करू नका. गाउट असलेल्यांनी रस्सा थोडा घ्यावा.

आता शब्बाथची गोष्ट, कारण खरा घोळ तिथे होतो. प्लाटा अन्न शिजवण्यासाठी नसतो, शिजलेले गरम ठेवण्यासाठी असतो. शुक्रवारी संध्याकाळी स्टू पूर्ण शिजलेला आणि उकळता असतानाच प्लाट्यावर जायला हवा, आणि तिथे तो ६० अंशांच्या वर राहायला हवा. वीज वाचवायला काहीजण शब्बाथचे घड्याळ लावतात. रात्री अकराला प्लाटा बंद, सकाळी सातला चालू. त्या आठ तासांत मोठे भांडे हळूहळू कोमट होते, आणि रश्श्यात जंतू वाढायला यापेक्षा चांगली जागा नाही. काही जंतूंची बीजे उकळूनही मरत नाहीत. भांडे कोमट झाले की ती जागी होतात. वास येत नाही, चव बदलत नाही. खाल्ल्यावर सहा ते चोवीस तासांत पोटात कळा आणि जुलाब. तरुण माणूस दुसऱ्या दिवशी कामावर जातो. आपण मात्र लघवीच्या आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्यांवर असतो. अंगातले पाणी गेले की चक्कर येऊन पडतो.

म्हणून प्लाटा रात्रभर चालू ठेवा, किंवा शुक्रवारी रात्रीपुरता स्टू छोट्या भांड्यात ठेवून बाकीचा शब्बाथ सुरू होण्याआधीच फ्रिजमध्ये घाला. हमीनमध्ये राजमा घालणार असाल तर तो रात्रभर भिजवून, पाणी फेकून, निदान दहा मिनिटे खळखळून उकळलेला हवा. मंद आचेवरचा अर्धाकच्चा राजमा उलट्या करवतो. आणि भांड्याभोवती टॉवेल गुंडाळू नका. प्लाट्यावर कापड पेटते.

इतर दिवशीही स्टू रात्रभर ओट्यावर राहू देऊ नका. "घरच फ्रिजसारखे गार आहे" असे म्हणतात, पण मोठे पातेले मधोमध तासन् तास कोमट राहते. उथळ डब्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी वर चरबीचा पांढरा थर जमतो, तो चमच्याने उचलून टाका. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने. फ्रीझरच्या डब्यात बटाटा घालू नका, तो रवाळ होतो. एका वेळेपुरते काढा, उकळी येईपर्यंत गरम करा, आणि उरलेले पुन्हा ठेवू नका.

पक्षाघात होऊन गेलेल्या किंवा जेवताना खोकला येणाऱ्या माणसाला पातळ रश्श्यात तुकडे घालून देऊ नये. पाणी आणि तुकडा एकदम तोंडात आला की घशात गोंधळ होतो आणि घास श्वासनलिकेत जातो. त्यांचा स्टू बटाट्याबरोबर घोटून खिरीइतका दाट करा. ताठ बसवून, छोट्या चमच्याने, एक घास गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा भरवा. जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नका. पार्किन्सनसाठी लेवोडोपा घेणाऱ्यांनी गोळी जेवणाच्या निदान अर्धा तास आधी घ्यावी, मांसाबरोबर घेतल्यास तिचा गुण कमी येतो.

एकटे राहत असाल तर गुरुवारी पाऊण किलोचा स्टू करा. दोन वाढपे फ्रिजमध्ये, बाकीची फ्रीझरमध्ये, डब्यावर तारीख लिहून. वर सांगितलेल्या ८२ वर्षांच्या गृहस्थांनी तर त्यातला एक डबा तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्याबरोबर वाटून घ्यायला सुरुवात केली आहे. एका आठवड्यात हे शिजवतात, दुसऱ्या आठवड्यात तो.