कोपीवरचे पाणी

बीड शहराजवळची खजाना विहीर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात बांधलेल्या या विहिरीचे पाणी मोटेवाचून, केवळ जमिनीच्या उताराने, भुयारी नालीतून खालच्या शेतांकडे जाते. पाहुणे आले की आपण ती अभिमानाने दाखवतो. याच जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे लाखो माणसे सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, पुणे आणि कर्नाटकाकडे ऊसतोडीला निघतात. तेथे उतरल्यावर त्यांच्यापुढे पहिला प्रश्न असतो तो पाणी कोठून भरायचे हा. उसाचा विचार त्यानंतरचा.

मी चौदा वर्षांचा होईपर्यंत आईवडिलांबरोबर तोडीला जात होतो. म्हणून या एका लहानशा विषयावर, म्हणजे कोपीवर पाणी कसे येते, कसे साठवतात आणि कसे पुरवतात यावर, चार गोष्टी अधिकाराने लिहू शकतो. ऊसतोडीवर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते, पण त्यात पाण्याचा हिशेब क्वचितच येतो.

तोडणाऱ्यांचे तळ साधारणपणे दोन प्रकारचे असतात. बैलगाडीवाले कारखान्याच्या जवळ गाडीतळावर राहतात. तेथे नळ किंवा टँकर मिळण्याचा संभव असतो. मात्र बैलांनाही पाणी लागते. एक बैल दिवसाला सहज चाळीस लिटर पितो. ट्रॅक्टरच्या टोळ्यांचे तसे नाही. त्या फडाच्या कडेला राहतात, आणि एका शिवारातला ऊस संपला की बांबू, चटया, भांडी, कोंबड्या, पोरे असे सारे बिऱ्हाड ट्रॉलीत टाकून पुढच्या गावी जातात. आमची टोळी अशीच होती. प्रत्येक मुक्कामी विहीर नवी, मालक नवा आणि ओळखही नवी.

ट्रॉली थांबली की माणसे सपाट जागा बघू लागत. आई मात्र म्हणायची, "आधी पानी बघा, मंग कोपीची जागा." आज विचार करता वाटते, यात सगळे शास्त्र आले.

पाणी मिळण्याच्या जागा तीन. पहिली, शेतमालकाची विहीर किंवा बोअर. हे पाणी त्यातल्या त्यात चांगले. पण विहिरीवर मोटार असते, आणि मोटार वीज असेल तेव्हाच चालते. आम्ही जात होतो तेव्हा शेतीची वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येई. रात्रीची पाळी असली की एक-दोन वाजता मोटारीचा आवाज ऐकून बायका हंडे घेऊन धारेवर पळत, आणि तशाच पहाटे फडात जात. दुसरी जागा म्हणजे कालवा. त्याचे पाणी आवर्तनाने सुटते. आवर्तन बंद झाले की तळाशी डबकी राहतात, आणि त्यांत जनावरेही उतरलेली असतात. तिसरी जागा गावातला नळ. तेथे गावकऱ्यांचे भरून झाल्यावर आपला नंबर.

आता भरण्याचा हिशेब पाहू. प्लॅस्टिकचा निळा ड्रम दोनशे लिटरचा. डोक्यावरचा हंडा पंधरा लिटरचा आणि कमरेवरची कळशी दहा लिटरची धरली, तर एका खेपेला पंचवीस लिटर, म्हणजे एक ड्रम भरायला आठ खेपा. विहीर अर्ध्या किलोमीटरवर असेल तर आठ किलोमीटर चालणे झाले, आणि त्यातले निम्मे पंचवीस किलो ओझ्यासह. आमच्या चौघांना एक ड्रम दोन दिवस पुरवावा लागे, म्हणजे माणशी दिवसाला पंचवीस लिटर. जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी ५५ लिटरचे प्रमाण ठरवले आहे. आपत्तीनंतरच्या छावण्यांसाठी जगभर मानले जाणारे किमान प्रमाण १५ लिटर आहे. आम्ही या दोहोंच्या मध्ये कोठेतरी होतो, आणि छावणीच्याच जास्त जवळ.

ट्रॉलीतून पाणी नेण्यातही अक्कल लागते. भरलेला ड्रम पाण्यानेच दोनशे किलोचा होतो. तो अर्धवट भरला तर आणखी वाईट, कारण पाणंदीच्या खाचखळग्यांत पाणी डचमळते आणि ड्रम कलंडतो. म्हणून ड्रम रिकामा न्यावा आणि वाटेपुरते पाणी लहान कॅनमध्ये तोंडोतोंड भरून, झाकण घट्ट लावून न्यावे. ड्रम विकत घेताना त्यात पूर्वी काय होते ते विचारावे. औषधाचा किंवा रसायनाचा ड्रम कितीही घासला तरी पिण्याच्या पाण्याला वापरू नये.

ड्रमला तोटी नसते. पोरे पेला बुडवतात, त्याबरोबर हातही बुडतो, आणि सगळे पाणी नासते. यावर दोन उपाय आहेत. एक, लांब दांड्याचे ओगराळे. दुसरा, रबरी नळी. शाळेत आपण वक्रनलिका शिकतो, तीच ही. ड्रम दगडांवर उंच ठेवायचा. स्वच्छ नळी पाण्याने पूर्ण भरून दोन्ही टोके अंगठ्यांनी दाबायची. एक टोक ड्रममध्ये बुडवायचे, दुसरे ड्रममधल्या पाण्याच्या पातळीखाली आणायचे, आणि मग अंगठे सोडायचे. पाणी आपोआप वाहू लागते. तोंडाने ओढण्याची गरज नाही.

पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्यावे. त्यानंतर ब्लीचिंग पावडर, जिला गावात टीसीएल म्हणतात. चांगल्या प्रतीची पावडर हजार लिटर स्वच्छ पाण्याला सुमारे अडीच ग्रॅम, म्हणजे एका ड्रमला अर्धा ग्रॅम. ती तांब्याभर पाण्यात कालवून, चुना खाली बसल्यावर वरची निवळी ड्रममध्ये ओतावी आणि तासभर थांबावे. याने रोगजंतू मरतात. पण उसाला दिलेल्या खतांतले नायट्रेट विहिरीत उतरलेले असेल, तर ते टीसीएलने जात नाही आणि उकळूनही जात नाही. तान्ह्या मुलांना ते विशेष घातक असते.

एका मुक्कामाची गोष्ट सांगतो. रात्री ड्रममध्ये पाइप सोडला असताना आम्हाला झोप लागली, आणि मालकाच्या उसाचे वाफे कोरडे राहिले. त्याचा राग समजण्यासारखा होता. वडील हात जोडून म्हणाले, "मालक, चूक झाली, लेकरं हायती." पण विहीर बंद झाली ती झालीच. तीन दिवस आम्ही कालव्याच्या डबक्यातले पाणी प्यालो. धाकट्या बहिणीला जुलाब लागले. आईचे दोन दिवस दवाखान्यात गेले आणि मुकादमाच्या वहीत दोन खाडे पडले. पाण्याला पैसे पडत नाहीत असे आम्ही समजत होतो. त्या खाड्यांनी ते पडतात हे दाखवले.

तोडणीच्या दरावर संप होतात, बोलणी होतात, आणि ती व्हायलाच हवीत. परंतु पाण्यासाठी जाणारा वेळ कोणत्याही दरात धरलेला नसतो. तो तोडणीतून जात नाही, तो बाईच्या झोपेतून जातो. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या प्रश्नाची कारणे अनेक आहेत. पण पाळीच्या दिवसांतही अंग धुवायला पाणी नाही आणि आडोसा नाही, ही स्थिती मी माझ्या घरात पाहिली आहे.

उपाय काही अवघड नाही. मुक्कामाच्या ठिकाणी उंच मांडणीवर हजार लिटरची एक टाकी, तिला खाली तोट्या, दोन दिवसांतून एकदा टँकर, आणि टाकीत टीसीएल टाकण्याची जबाबदारी एका माणसावर. कोणत्या शिवारात कधी तोड आहे याचा कार्यक्रम कारखान्याकडे आधीच असतो, तेव्हा टोळीच्या पुढे टाकी पाठवणे अशक्य नाही. आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेनेही एक काम करावे. टोळ्या निघण्यापूर्वी आपल्या गावांत जाऊन ड्रम धुणे, नळी लावणे आणि टीसीएलचे माप एवढे तरी करून दाखवावे. आपल्या वर्गातल्या अनेकांच्या घरीच ते दाखवावे लागेल.

उंचावरचे पाणी उताराने खाली येते, हे खजाना विहीर बांधणाऱ्यांना चारशे वर्षांपूर्वी ठाऊक होते. टाकीला लागते तेही एवढेच ज्ञान.